मुंबईचे पोलादी ठसे आणि झिजलेले खिळे

हस्तलिखिताचा काळ ठरवितांना आपण कागद, शाई, अक्षराचें वळण व मितीचा मेळ या गोष्टी बारकाईनें तपासतों. छापील पुस्तकाच्या बाबतींत मात्र मुखपृष्ठावरील सालावर भिस्त ठेवून स्वस्थ बसतों. तें पान गळालेलें असलें म्हणजे 'वळण निर्णयसागरी दिसतें, सबब अमुक काळचें' असा निर्णय पुष्कळदां दिला जातो. हा निर्णय कितपत ग्राह्य धरावा, याचा विचार खिळे तयार करण्याच्या कृतीवरून करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मिरजेस १८०५ सालीं छापलेली गीता तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून सिद्ध झाली होती. असा पत्रा त्या एका पानापुरताच उपयोगी पडतो, आणि तांबें मऊ असल्यामुळें दाबाखालीं त्यावरील बारीक रेघा लवकर मोडतात. त्याच सालीं श्रीरामपुरास केरीचें मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. मुंबईंत अमेरिकन मिशननें १८१७ सालीं आपली पहिली मराठी पुस्तिका काढली, तेव्हां खिळे कलकत्त्याहून आणावे लागले होते. पुढें त्याच मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं नागरी ठसे कोरिले. याच छापखान्यांत जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) हे लहानपणीं खिळे घासण्याच्या कामावर लागले. त्यांनीं १८६४ सालीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. ठसे कोरण्याच्या कामीं राणोजी रावजी आरू यांचें त्यांस मोठें साह्य झालें. काळबादेवीच्या कोलभाट गल्लींतील या छापखान्याचीं अक्षरें पुढें देशभरच्या संस्कृत पंडितांच्या परिचयाचीं झालीं.

आतां कृति पाहूं. प्रथम पोलादाची कांडी तापवून हळूहळू निवूं देत व नरम करीत. मग तिच्या टोंकावर कानशीनें व कोरणीनें उलटें अक्षर उठवीत. अक्षर साधलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ठसा दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी धरवीत आणि कागदावर उमटवीत. अक्षर मनासारखें झालें म्हणजे ठशास पाणी देण्याची वेळ येई. तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडविला असतां कठीण होतो, पण तितकाच ठिसूळही होतो. म्हणून त्याचें तोंड घासून उजळ करून त्याला पुन्हां मंद ऊब देत व गवती पिवळा रंग चढतांच थांबवीत. उघड्या विस्तवांत तापविल्यास पोलादाचा पृष्ठभाग जळून पापुद्रा सुटतो व बारीक रेघ नासते, यास्तव ठसा कोळशाच्या भुकटींत झांकून तापविण्याची रीत होती. असा ठसा तांब्याच्या तुकड्यावर घणानें ठोकला म्हणजे मातृका तयार होई. मातृकेंत शिसें, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळे पाडीत आणि त्यांच्या कडा घासून सारख्या करीत. जावजींचें पहिलें काम या शेवटच्या पायरीवरचें होतें.

यावरून असें दिसून येईल कीं, एका अक्षराच्या तीन देहांची झीज तीन प्रकारची आहे. खिळा सर्वांत मऊ. अँटिमनी त्यास कठीणपणा देते, तरी दाबाच्या यंत्राखालीं त्याचें तोंड हळूहळू पसरतें, बारीक रेघा जाड होतात आणि अक्षराच्या पोटांत शाई भरूं लागते. पुढें आलेलीं मात्रा-वेलांट्यांचीं टोकें तर आधींच तुटतात. पाश्चात्य देशांत ही झीज टाळण्यासाठीं विजेच्या साह्यानें खिळ्याच्या तोंडावर तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा चढवीत. मातृका खिळ्याहून पुष्कळ टिकते, आणि पाणी दिलेला ठसा गंजापासून जपल्यास पिढ्यान् पिढ्या टिकतो.

संग्राहकांनीं यांतून तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, केवळ वळणावरून साल ठरवूं नये. त्याच ठशावरून तीस वर्षांनींही तेंच अक्षर निघतें. दुसरी, एखादा विशिष्ट तुटका खिळा दोन पुस्तकांत आढळला, तर तीं एकाच ओतणीच्या खिळ्यांवर छापलीं असल्याचा तो बळकट पुरावा होय. आणि ज्यांत तोच खिळा अधिक झिजलेला, तें पुस्तक मागाहूनचें. परंतु हा नियम त्या ओतणीपुरताच आहे. नवे खिळे आले कीं छाप पुन्हां लखलखीत होतो, म्हणून स्वच्छ छाप म्हणजे आधींची आवृत्ति, असें अनुमान करणें चुकीचें ठरेल. तिसरी, विजेच्या कृतीनें तयार खिळ्यावरूनच तांब्याची मातृका बनवितां येते. तेव्हां दोन छापखान्यांचीं अक्षरें हुबेहूब जुळलीं, तरी दोघांकडे एकच ठसा होता असें सिद्ध होत नाहीं.

वरील परीक्षेचा शेवटचा साक्षीदार प्रत्यक्ष ठसाच होय. निर्णयसागर, गिरगावच्या गायवाडींतील गुजराती टाइप फाउंड्री इत्यादि कारखान्यांनीं दक्षिण मुंबईंत हा धंदा वाढविला. आतां शिशाचे खिळे छपाईंतून उठले आहेत. जुन्या छापखान्यांचें सामान मोडींत निघतें, तेव्हां शिसें वजनानें विकलें जातें आणि ठशांकडे गंजलेले खिळे-मोळे म्हणून कोणी पाहत नाहीं. मोडी दफ्तराचा एक रुमाल वांचविण्यासाठीं आपण कोस कोस हिंडतों. ठशांचा एखादा डबा दृष्टीस पडल्यास तितकीच आस्था दाखवावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे. समुद्राच्या दमट हवेंत पोलाद लवकर गंजतें, म्हणून ठशांस प्रथम तेल लावावें. कानस किंवा रेतीकागद लावून त्यांचें तोंड चकचकीत करूं नये, कारण कोरणाऱ्याच्या हाताची खूण त्यानें कायमची जाते. नंतर प्रत्येक ठशाची काजळीची छाप कागदावर घेऊन, डबा कोठून मिळाला याच्या टिपणासह ती नीट जपून ठेवावी.