गाविलगडाची तोफ आणि ‘गुळगुळीत’ उतार



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं आज यामिकीवर, म्हणजे मेकॅनिक्सवर का बोलावं, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा परवा वही घेऊन आला. म्हणाला, “आजोबा, एक गणित सुटत नाही.” गणित असं होतं : एका गुळगुळीत उतारावरून एक ठोकळा दोरीनं वर ओढला जात आहे, तर दोरीवरचं बल काढा. मी सहज विचारलं, “कोण ओढतंय रे?” तो गोंधळला. म्हणाला, “ते दिलेलं नाही.”

त्या ‘दिलेलं नाही’वर मी दोन दिवस विचार करत होतो. कारण असा ठोकळा असाच एका उतारावरून खरोखर ओढला गेला होता, आणि तो उतार आपल्या परतवाड्यातून उत्तरेला पाहिलं की दिसतो. आजचं व्याख्यान त्या ठोकळ्याचं आहे. बल, घर्षण, ऊर्जा आणि टक्कर, सगळं त्यात आहे.

साल १८०३. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोल्याकडच्या अडगावची लढाई झाली. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या हाती वऱ्हाडात आता मोठा आसरा उरला तो गाविलगडाचा. किल्लेदार होता बेनीसिंग. आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तो आणि कर्नल स्टीव्हन्सन एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास आले. तिथं जखमींसाठी इस्पितळ उभं केलं आणि ७ डिसेंबरला दोघे निघाले. वेलस्ली दक्षिणेच्या अंगाला गेला. स्टीव्हन्सन डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडच्या पठारावर गेला, कारण किल्ल्याची कमजोर बाजू तीच होती.

हा वळसा सुमारे ३० मैलांचा. वाट नव्हती, सैनिकांनी आधी वाट करायची आणि मग तीवरून तोफा न्यायच्या. वेलस्लीच्या खलित्यात स्पष्ट नोंद आहे की, जड तोफा आणि दारूगोळा जवळजवळ सगळं अंतर माणसांनी हातांनी ओढून नेला. १२ डिसेंबरला ते पठारावर पोहोचले. सोबत १८ पौंडी गोळ्याच्या दोन लोखंडी तोफा होत्या, १२ पौंडीच्या तीन होत्या, शिवाय इतर.

आता मुलाची वही उघडू. १८ पौंडी तोफेची नुसती नळीच दोन टनांच्या आसपास असे, गाडा वेगळा. आपण सगळं मिळून २००० किलो धरू, म्हणजे आपला हिशेब झाला तर कमीच होईल. पुढचे काही आकडेही मी हिशेबापुरते धरलेले आहेत, हे ध्यानात असू द्या.

पहिली पायरी : कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय ते ठरवा. तोफ. दुसरी पायरी : त्या वस्तूवर कोण कोण बल लावतंय, तेवढंच काढा. पृथ्वी खाली ओढते, जमीन काटकोनात वर ढकलते, दोरी वर ओढते, आणि जमीनच घर्षणानं अडवते. बस, चार. मुलं इथं ‘गतीचं बल’ म्हणून पाचवं काढतात. तसं काही नसतं. ज्या बलाचा धनी सांगता येत नाही, ते चित्रात काढायचं नाही. हा नियम मला तर्कशास्त्रातल्या पुष्कळ नियमांपेक्षा आवडतो.

उतार समजा पाचास एक : पाच मीटर चाललो की एक मीटर चढ. तोफेचं वजन २०,००० न्यूटन. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ४००० न्यूटन, उताराच्या दिशेनं खाली ओढतो. चाक रुतणाऱ्या कच्च्या वाटेचा विरोधही वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका धरा. आणखी सुमारे ४०००. तोफ वर चाललीय, म्हणून हा विरोध खालच्या बाजूला. एकूण ८००० न्यूटन. एक माणूस सतत २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो उचलायला लागेल एवढा जोर लावतो असं धरलं, तर एका तोफेला ४० माणसं. तीही सगळी एका दमात ओढत असतील तर.

आता माणसं दम खायला थांबली. घर्षण कुठं गेलं? ते फिरलं! तोफ खाली घसरू पाहते, म्हणून घर्षण आता वरच्या बाजूला. चढताना जो वैरी होता, तोच थांबताना सोयरा झाला. खाली ओढणारे ४००० आणि अडवू शकणारे जवळजवळ ४०००, म्हणजे तोफ जेमतेम टिकते. म्हणून चाकामागे दगड. कापसानं भरलेली बंडी चढावर थांबवलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. मुलाचा दुसरा प्रश्न हाच होता, “घर्षण कुठल्या बाजूला दाखवू?” उत्तर : वस्तू जमिनीवरून कुठं सरकतेय किंवा सरकू पाहतेय ते बघ, आणि त्याच्या उलट दाखव.

घर्षणाचे हे नियम आले कुठून? १६९९ मध्ये फ्रान्समध्ये आमाँतों यानं मांडलं की घर्षण भारावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. त्याची कसून परीक्षा केली कुलोम यानं, आणि १७८१ मध्ये त्याला त्यासाठी पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळालं. हा कुलोम लष्करी अभियंता होता. मार्तिनिक बेटावर त्यानं किल्ला बांधलेला. म्हणजे पुस्तकातल्या निरुपद्रवी ठोकळ्यामागं किल्ले, जहाजं आणि तोफा पहिल्यापासून उभ्या आहेत.

आता ऊर्जेचा हिशेब. एलिचपूर ते पठार, चढ सुमारे ७०० मीटर धरू. तोफ तेवढी उचलायला लागणारं कार्य : २०,००० गुणिले ७००, म्हणजे १ कोटी ४० लाख ज्यूल. आकडा मोठा वाटतो ना? अन्नात मोजला तर जेमतेम ३३०० किलोकॅलरी. दिवसभर राबणाऱ्या एका माणसाचं एका दिवसाचं जेवण!

इथं मी थबकलो. गुळगुळीत उतार धरला तर गाविलगडावर तोफ चढवण्याची किंमत एका माणसाचं एका दिवसाचं जेवण. मग एवढी माणसं पाच दिवस कशात झिजली?

घर्षणाचा हिशेब करा. ४००० न्यूटन विरोध, ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर. कार्य १९ कोटी २० लाख ज्यूल. उचलण्याच्या जवळजवळ चौदापट! विरोध निम्मा धरला तरी सातपट. म्हणजे ‘गुळगुळीत धरा’ या दोन शब्दांनी आपण पंधरातले चौदा वाटे कष्ट पुसून टाकतो.

आणि तरीही पूर्ण हिशेब होत नाहीच. तोफ घळीत उतरवताना माणसं मागून दोर धरून तिला आवरतात. पुस्तक म्हणतं, त्यांचं कार्य ऋण. चढावर तोफ नुसती धरून उभी राहिली, तर पुस्तक म्हणतं कार्य शून्य. पुस्तकाचं चूक नाही; तोफेपुरतं ते खरंच आहे. पण धरून उभ्या माणसाचे स्नायू आतल्या आत जळतच असतात. ‘कार्य’ हा शब्द या नेमक्या अर्थानं कोरियोलिसनं १८२९ मध्ये रूढ केला. ‘एनर्जी’ हा शब्द थॉमस यंगनं १८०७ मध्ये वापरला. तोफ ओढणाऱ्यांचे कष्ट शब्दांच्या आधीचे आहेत.

दक्षिणेकडं काय झालं? वेलस्लीच्या लोकांनी जिवापाड प्रयत्न केले, पण लोखंडी तोफा त्या चढावर चढल्याच नाहीत. हलक्या पितळी तोफा चढल्या, त्यांच्या माऱ्याचा फारसा परिणाम झाला नाही. उतार वाढला की बल वाढतं, आणि माणसाला पाय रोवायलाही घर्षणच लागतं. काही गणितांचं उत्तर ‘होत नाही’ असं असतं.

१३ डिसेंबरच्या सकाळी मारा सुरू झाला. गोळा ८ किलोचा, वेग सेकंदाला ४०० मीटर धरू. गोळ्याचा संवेग ३२०० एकक. आधी सगळं स्थिर होतं, म्हणून तोफेला तेवढाच संवेग मागे : ३२०० भागिले २०००, म्हणजे सेकंदाला १.६ मीटर. (दारूचा धूर सोडून दिलाय, तोही थोडा धक्का देतोच.) संवेग दोघांचा सारखा. ऊर्जा? गोळ्याची ६,४०,००० ज्यूल, तोफेची फक्त २५६०. अडीचशेपट फरक!

मग ‘गतीचं माप’ कोणतं खरं? यावर युरोपातले तत्त्वज्ञ अर्धं शतक भांडले. देकार्त म्हणे आकारमान गुणिले वेग. लायब्निझनं १६८६ मध्ये आक्षेप घेतला की मोजायचा तो वेगाचा वर्ग. हॉलंडमध्ये ग्राव्हेसांदनं मऊ मातीत पितळी गोळे टाकून पाहिलं : वेग दुप्पट, तर खड्डा चौपट. एमिली द्यु शातले या विदुषीनं १७४० मध्ये आपल्या ग्रंथात लायब्निझची बाजू उचलून धरली. आज आपण म्हणतो, दोन्ही मापं खरी, प्रश्न वेगळे. किती वेळ अडवलं तर थांबेल, हे संवेग सांगतो. किती आत घुसून थांबेल, हे ऊर्जा सांगते. तटाला विचारा : गोळा एक मीटर घुसून थांबला, तर सरासरी बल ६,४०,००० न्यूटन. ६४ टनांचा भार.

हे दोन नियम एकाच गणितात क्रमानं वापरायला शिकवलं बेंजामिन रॉबिन्सनं, १७४२ मध्ये. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची. गोळी रुतते त्या क्षणी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून तिथं फक्त संवेग धरायचा. मग ठोकळा झोका घेऊन वर जातो, तिथं ऊर्जा धरायची. क्रम उलटला की उत्तर चुकलं. हा रॉबिन्स पुढं कंपनीच्या चाकरीत किल्ले सुधारायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये मद्रास किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. त्यानंतर ५२ वर्षांनी कंपनीच्या तोफा आपल्या गाविलगडावर पोहोचल्या.

१५ डिसेंबरला खिंडारातून सैन्य घुसलं. आतल्या तटाला शिड्या लावाव्या लागल्या. बेनीसिंग लढताना पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. तोफा ओढणाऱ्यांत मोठा भरणा मद्रास सैन्यातल्या देशी शिपायांचा होता. खलित्यात सैन्याच्या कष्टांची तारीफ आहे; नावं अधिकाऱ्यांची आहेत.

त्या मुलाला मी शेवटी एवढंच सांगितलं. ‘गुळगुळीत धरा’ असं आलं की खुशाल धर. काहीतरी सोडल्याशिवाय कोणतंच गणित सुटत नाही, तत्त्वज्ञानातलंही नाही. पण उत्तराखाली रेघ ओढलीस की एक ओळ आणखी लिही : मी काय सोडलं? त्यानं वहीत लिहिलं, “घर्षण, हवा.” थोडं थांबला आणि पुढं लिहिलं, “ओढणारी माणसं.”

परीक्षेत याला मार्क नाहीत, हे मीच त्याला सांगितलं. आता तुमचे प्रश्न घेऊ.