बारा वर्षांचा विद्यार्थी, सहा वर्षांची मुदत : बडोद्यातली एक शिकवणी

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जे 'अं... म्हणजे...' झालं ते काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

जून महिना आला की आमच्या देऊळगाव राजात एकच चर्चा. बालाजी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर असो नाहीतर बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, दोन पालक भेटले की तिसरं वाक्य ठरलेलं : "पोराला शिकवणी कोणाकडे लावली?" मग नावं निघतात. गणिताला अमुक सर, सायन्सला तमुक मॅडम, आणि पैसे असतील तर सरळ जालना, संभाजीनगर किंवा लातूर. पण पोराला नेमकं काय येत नाही, हे कोणी विचारलेलं मी क्वचितच ऐकलंय. सर 'भारी' आहेत ना, झालं मग.

म्हणून आज एका जुन्या शिकवणीची गोष्ट. ती लावली होती एका संस्थानानं. विद्यार्थी बारा वर्षांचा होता आणि त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. अठराव्या वर्षी त्याला लाखो लोकांचं राज्य चालवायचं होतं.

साल १८७५. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारनं गादीवरून काढलं. रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप, चौकशी आयोग, लंडनहून आणलेला वकील, म्हणजे त्या काळातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. तो वेगळ्या भागाचा विषय आहे. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की गादी रिकामी झाली आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. शोध सुरू झाला आणि तो पोचला नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाणा गावात. तिथं गायकवाडांच्या एका शाखेची माणसं शेती करून राहत होती. तिथल्या काशीरावांचा मुलगा गोपाळ निवडला गेला. मुलांना "इथे कशाला आलात?" असं विचारल्यावर गोपाळ म्हणाला, "राज्य करायला", अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, खरी असेल-नसेल. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

आता विचार करा. कवळाण्यासारख्या गावात तेव्हा शिक्षण म्हणजे काय? असलाच तर पंतोजी. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, पावकी-निमकी घोकायची, मोडी शिकायची, आणि पंतोजीला मोबदला धान्यात किंवा सणावाराच्या दक्षिणेत. त्या शाळांना आपण नावं ठेवतो, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिथं 'इयत्ता' नव्हत्या. ज्याचं बे एके बे चाललंय तो आणि ज्याचं दिडकीपर्यंत पोचलंय तो एकाच ओसरीवर आपापल्या गतीनं शिकायचे. पण आमच्या या विद्यार्थ्याच्या वाट्याला तेवढंही फारसं आलं नव्हतं.

अशा मुलाला कोण शिकवणार? हा निर्णय दोन माणसांच्या हातात होता. एक नवे दिवाण सर टी. माधवराव, जे आधी त्रावणकोर आणि इंदूरचे दिवाण होते, आणि दुसरा इंग्रज सरकारचा एजंट. संस्थान श्रीमंत. मनात आणलं असतं तर ऑक्सफर्डचा एखादा नामांकित प्राध्यापक बोलावता आला असता. निवड झाली एफ. ए. एच. एलियट नावाच्या सनदी अधिकाऱ्याची. आणि हा आला कुठून, तर वऱ्हाडातून! तो तेव्हा वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात काम करत होता. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडातच मोडायचा. म्हणजे सयाजीरावांचा मास्तर आपल्याच भागातल्या शाळा बघून बडोद्याला गेला. (मला हे कळलं तेव्हा उगाच अभिमान वाटला.)

माझ्या मते या निवडीतली खरी हुशारी इथंच आहे. ज्यानं गावोगावच्या पहिलीच्या पोरांना अक्षर लागताना पाहिलंय त्याला माहीत असतं की शून्यापासून सुरुवात म्हणजे काय. मोठ्या विद्वानाला ते माहीत असेलच असं नाही. ऑफिसात आम्ही बघतो ना, सगळ्यात सीनिअर माणूस नव्या पोराला कोड समजावताना सगळ्यात वाईट असतो. त्याला स्वतःला हे कधी येत नव्हतं, हेच तो विसरलेला असतो.

१८७५ च्या अखेरीस एलियट रुजू झाला. पुढं अधिकार मिळेपर्यंत बरोबर सहा वर्षं. या सहा वर्षांत काय काय शिकवायचं होतं ते बघा : मराठी, कारण घरची भाषा; गुजराती, कारण प्रजेची भाषा; उर्दू, कारण दरबारी वळण; आणि इंग्रजी, कारण वर इंग्रज बसलेले. चार भाषा, तीन लिप्या तर नक्कीच, आणि मुलाची पाटी कोरी! शिवाय इतिहास, भूगोल, गणित. शिवाय घोड्यावर बसणं, कुस्ती, तालीम. आज सातवीच्या पोराला एवढं दिलं तर आपण शाळेवर मोर्चा नेऊ.

मुलगा सुरुवातीला झटकन पुढं गेला नाही. जाणार तरी कसा? मग एलियटनं काय केलं, तर राजाला एकटं बसवून शिकवलं नाही. राजवाड्यातल्या शाळेत भाऊ संपतराव आणि बरोबरीची आणखी काही मुलं होती. माझ्या दृष्टीनं हा मुद्दा फार मोठा आहे. एकट्या विद्यार्थ्यासमोर एकटा मास्तर असला की मुलगा मास्तराच्या चेहऱ्याकडं बघून उत्तर देतो. शेजारी दुसरा मुलगाही चुकत असेल तर चुकायची भीती कमी होते. आणि इथं तर विद्यार्थी महाराज! त्याला 'चुकलं' म्हणायची हिंमत दरबारात कोणाची? ती एलियटकडे होती, कारण त्याचा पगार आणि बढती त्या मुलाच्या मर्जीवर नव्हती. पण याची दुसरी बाजूही आहे. त्याला नेमणारं सरकार इंग्रजांचं होतं, आणि त्यांना हवा होता एक शहाणा, सुशिक्षित आणि मुख्य म्हणजे ऐकणारा राजा. विद्यार्थ्याची गरज एक आणि मास्तर नेमणाऱ्याची गरज दुसरी. शिकवणीतली ही ओढाताण आजही तशीच आहे, फक्त सरकारच्या जागी आपण आईबाप आहोत.

शेवटच्या वर्षी, १८८१ मध्ये, शिकवणीचा सूरच बदलला. भाषा झाल्या, आता काम शिकायचं. दिवाण माधवरावांनी स्वतः तरुण महाराजांसमोर राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. राजानं किती खर्च करावा, न्यायात ढवळाढवळ का करू नये, खुशामत करणारे कसे ओळखावेत, असे अगदी रोकडे विषय. ती पुढं 'मायनर हिंट्स' नावानं छापली गेली. म्हणजे वाचायला शिकवणारा मास्तर वेगळा आणि कारभार शिकवणारा वेगळा. एकाच सरांकडून सगळं होईल ही अपेक्षा कोणी ठेवली नाही. २८ डिसेंबर १८८१ ला सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

आता इथं थोडं थांबून कोल्हापूरला जाऊ. कारण तिथं त्याच वयाचा दुसरा मुलगा होता आणि त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय बडोद्याची किंमत कळत नाही.

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. जन्म १८६३, म्हणजे सयाजीरावांच्याच वर्षीचा. तेही दत्तक, १८७१ साली. त्यांच्याभोवतीही सरकारनं नेमलेली माणसं होती, कारभारी होते. पण या मुलाचं काय झालं? तो वयात येता येता त्याला वेड लागलंय असं अधिकाऱ्यांनी ठरवलं. त्याचा छळ होतोय अशी कुजबुज पुण्यापर्यंत पोचली. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं तेव्हा नुकतीच सुरू झालेली. त्यांनी कारभारी बर्वे यांच्यावर टीका करणारे लेख आणि काही पत्रं छापली. ती पत्रं कोर्टात खरी ठरली नाहीत, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला जिंकला आणि टिळक-आगरकरांना १८८२ साली मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. टिळकांचा पहिला तुरुंगवास शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. पण तो एका विशीतल्या मुलाच्या देखभालीवरून झाला होता हे किती जणांना आठवतं?

तुरुंगवासानं त्या मुलाचं काही बदललं नाही. त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ ला, त्याच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात तो मरण पावला. वय वीस. त्याच वयाचे सयाजीराव तेव्हा बडोद्यात दोन वर्षं राज्य करत होते.

दोघांच्या नशिबातला सगळा फरक मास्तरामुळे पडला असं मी म्हणणार नाही. आजार खरा होता की नाही यावर आजही वाद होतो. पण एका मुलाजवळ शिकवणारा माणूस होता आणि दुसऱ्याजवळ शेवटी उरला तो पहारेकरी, एवढं तर समोर दिसतंय.

कोल्हापूरनं, किंवा खरं तर कोल्हापूरवर नजर ठेवणाऱ्या सरकारनं, पुढच्या वेळी वेगळा मार्ग घेतला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा दहा वर्षांचा यशवंत दत्तक आला. हेच आपले शाहू महाराज. त्यांना आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवलं, म्हणजे आजच्या भाषेत हॉस्टेल आणि क्लास. मग १८९० पासून धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे, म्हणजे वैयक्तिक शिकवणी. तिथंही एकटे नाहीत, बरोबर इतर राजपुत्र होते. फ्रेझरनं त्यांना पुस्तकांइतकंच प्रवासानं शिकवलं, देशभर फिरवलं. आणि शेजारी मराठी बोलणारा एक शिक्षक होता, रघुनाथराव सबनीस. पुढं तेच कोल्हापूरचे दिवाण झाले. १८९४ ला शाहूंनी कारभार हाती घेतला.

मध्येच एक प्रश्न हमखास येईल : हे सगळे राजपुत्र, आमच्यासारख्यांचं काय? आणि मुलींचं काय? बरोबर आहे. त्याच काळात पुण्यात रमाबाई रानडे शिकत होत्या. १८७३ ला लग्न झालं तेव्हा वय अकराच्या आसपास, अक्षरओळख नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरुवात स्वतः केली, मग मराठीसाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या शिक्षिका आणि नंतर इंग्रजीसाठी मिस हरफर्ड यांना घरी बोलावलं. घरातल्या बायकांचे टोमणे रोजचे. रमाबाईंनी हे सगळं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात लिहिलंय. म्हणजे त्या विद्यार्थिनीची पहिली गरज होती अशा बाई, ज्यांना त्या घरात येता येईल आणि टिकता येईल. विषयाचं ज्ञान त्यानंतर.

पुढं काय झालं ते थोडक्यात. ज्या मुलाला बाराव्या वर्षी वाचता येत नव्हतं त्यानं १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानात नेलं. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. शाहूंनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. दोघांनीही लहानपणी शिकवणीत काय भोगलं आणि काय मिळवलं याचा या निर्णयांशी संबंध असणारच, असं मला वाटतं.

आणि मास्तरांचं? फ्रेझर म्हैसूरला गेला आणि तिथल्या कोवळ्या वयाच्या महाराजांचा, चौथ्या कृष्णराजांचा शिक्षक झाला. म्हणजे राजे घडवणं हाच त्याचा धंदा होऊन बसला म्हणा ना. एलियट मात्र शिकवणी संपल्यावरही बडोद्यातच थांबला. त्यानं गायकवाड घराण्याचा इतिहास लिहिला आणि मग जुन्या विद्यार्थ्याच्या हाताखाली नोकरी करत राज्यातल्या जमिनीच्या मोजणीचं आणि सारा ठरवण्याचं काम पाहिलं.