घाटवाटेवरचे विसावे

इंग्रज माणसाला त्याच्या गावाबद्दल विचारावे, तर चर्चचा मनोरा आणि बाजारचौक तो दोन वाक्यांत आटोपतो आणि पबवर येतो. कोणत्या पबात बिअर चांगली, कोठे शेकोटीजवळची जागा मिळते, कोणता मालक बोलका आणि कोणता कुरकुऱ्या, हे तो अशा तपशिलाने सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावे, हा गावाचा इतिहासच सांगतो आहे. एका परीने तो इतिहासच असतो. माझा एक विद्यार्थी काही वर्षे तिकडे नोकरीस आहे. त्याने आपल्या मुक्कामाच्या गावातील पबांची माहिती देणारी एक चोपडी मला टपालाने धाडली आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले, "सर, आपल्या मावळाची अशी एक यादी तुम्ही करा."

यादी करायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. आमच्या उर्से गावात पब कोठला? परमिट रूम आजूबाजूला पुष्कळ आहेत. पण परमिट रूममध्ये माणूस दाराकडे पाठ करून बसतो. पबात, म्हणे, तो दाराकडे तोंड करून बसतो. पब हे 'पब्लिक हाऊस'चे लघुरूप. सर्वांसाठी उघडे असलेले घर, असा त्याचा सरळ अर्थ. पेला हा निमित्तमात्र. तेव्हा आमच्याकडे सर्वांसाठी उघडे घर कोणते, असा प्रश्न केला पाहिजे. आणि त्याचे उत्तर शोधू गेले तर वाट थेट दोन हजार वर्षे मागे जाते.

मावळ हा मुळात वाटेचा मुलूख. खाली कोकणातील बंदरे, वर देश, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. ही भिंत चढून आलेल्या बैलाला आणि माणसाला पहिली गरज असते ती बसण्याची आणि पाण्याची. कार्ले, भाजे आणि आमच्या पवन मावळातले बेडसे येथील लेणी पाहायला लोक जातात, चैत्याची कमान पाहतात, फोटो काढतात आणि परततात. लेण्याच्या कडेला खोदलेली पाण्याची टाकी मात्र फारसे कोणी पाहत नाही. जुन्या लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कार्ल्याच्या खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवनही आहेत. ही लेणी भिक्षूंची हे खरे, पण ती वाटेच्या काठाला आहेत हेही तितकेच खरे. थंड सावली, गार पाणी आणि चार शब्द बोलायला शहाणा माणूस, एवढे जेथे मिळते त्याला आमचे पहिले सार्वजनिक घर म्हणायला माझी तरी हरकत नाही.

या वाटेने पाहुणचार नाकारला, असाही एक प्रसंग इतिहासात आहे आणि तो आमच्या अगदी शेजारचा. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवायला म्हणून बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. मराठे त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणत. शत्रूला फाकडा म्हणण्याइतकी दिलदारी त्या काळी होती. पण दिलदारी वेगळी आणि दाणावैरण वेगळी. फौज तळेगावास पोहोचली तेव्हा गाव मराठ्यांनी आधीच जाळून मोकळे केले होते. माणसाला दाणा नाही, जनावराला काडी नाही. दोन दिवसांत इंग्रज रात्रीच्या अंधारात मागे फिरले आणि वडगावला कोंडीत सापडून त्यांना तह करावा लागला. मुलांना शाळेत मी वडगावचा तह शिकवतो तेव्हा एवढेच सांगतो: बाबांनो, ज्या वाटेवर कोणी पाणी विचारत नाही, ती वाट कितीही मोठ्या फौजेला लांबच पडते.

पुढे राज्य त्यांचेच झाले. १८०४ साली जनरल वेलस्लीने तोफांसाठी घाट सुधारला होता, पण गाडीने सुखाने चढावे असा रस्ता झाला तो १८३० मध्ये. त्या वर्षी १० नोव्हेंबरला गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो खुला केला. मौज पाहा, त्याच १८३० साली इंग्लंडात एक कायदा झाला: दोन गिनी भरून परवाना घ्यावा आणि आपल्या राहत्या घरात बिअर विकावी. गावोगावच्या बैठकीच्या खोल्यांची बघता बघता दुकाने झाली. तिकडे घराचे पब होत होते, आणि इकडे आमच्या वाटेवर चाक फिरू लागले होते. चाक आले की टप्पा येतो, टप्पा आला की बैल सोडतात, आणि बैल सोडले की गाडीवान चूल मांडतो.

नंतर आगगाडी. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून वाचकांनी जरा सोसावे. मुंबईकडून रेल्वे १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याला खोपोलीपर्यंत आली. पुण्याकडून ती १८५८ च्या जूनमध्ये खंडाळ्यापर्यंत आली. मधला घाट कोरायचा होता. सुमारे पाच वर्षे अशी गेली की खाली एक गाडी, वर एक गाडी, आणि मधले अंतर पालखीतून, तट्टावरून किंवा पायी. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. त्यांतले कितीतरी पटकीने आणि अपघातांनी तेथेच संपले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्याआल्याच वारला, तर त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवून काम तडीस नेले. पंचवीस बोगदे आणि आठ पूल पार करून १८६३ मध्ये घाटातून सलग गाडी सुरू झाली.

तिकडे इंग्लंडात रेल्वेने जुन्या घोडागाड्यांच्या खाणावळी बुडवल्या. घोडे बदलायचे उरले नाहीत, मग उतरायचे कशाला? आमच्याकडे घाटाने रेल्वेलाही बसवले. चढ इतका तीव्र की खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेने पुढे न्यावी लागे. हा प्रकार १९२९ पर्यंत चालला. वाफेच्या इंजिनाला तहान भारी. त्याच्यासाठी रेल्वेने लोणावळ्याला भुशीचे धरण बांधले. आज पावसाळ्यात पायऱ्यांवर लोळायला जी गर्दी तेथे लोटते, तिला पत्ता नसतो की हे मुळात इंजिनांचे पिण्याचे ठिकाण! आणि घाटाखाली कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने जोडावी लागत, बहुतेक गाड्यांना ती अजूनही लागतात. तेवढी काही मिनिटे गाडी उभी राहते आणि तेवढ्यात दिवाडकरांचा बटाटेवडा खिडकीतून आत येतो. वड्याची कीर्ती वड्याची आहेच, पण निम्मे श्रेय चढाला दिले पाहिजे. लोणावळ्याच्या चिक्कीचेही तेच. गूळ आणि शेंगदाणे महाराष्ट्रात कोठे नाहीत? पण ते स्टेशनाच्या दाराशी, थांबलेल्या माणसाच्या हाताशी असणे, हे लोणावळ्याला लाभले.

चहा मात्र इकडे उशिरा आला. चहामळेवाल्यांनी १९०३ साली कायदा करवून चहावर पट्टी बसवली आणि त्या पैशातून चहाचा प्रचार चालवला; आधी परदेशात आणि मग आपल्याकडे. माझी आजी सांगे, तिच्या लहानपणी चहा औषधासारखा, हिवताप आला तर मिळायचा. तिच्या म्हातारपणी चहा मिळाला नाही तर हिवताप यायचा. दारूचे उलटे झाले. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, १९५० पासून ती पुरी लागू झाली. बंदीने दारू गेली नाही, ती हातभट्टीच्या रूपाने ओढ्याकाठच्या झाडीत गेली. पण चारचौघांत, उजेडात बसण्याची जागा दारूच्या हातून सुटली ती सुटलीच. ती चहाने घेतली. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले, हमरस्त्याच्या काठी बार झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने त्यांतले कितीतरी काही महिने बंद पडले तेव्हा कोणी उघड हळहळले नाही. चहाचे हॉटेल तसे बंद पाडून पाहावे, म्हणजे कळेल.

आमच्या फाट्यावरचे हॉटेल त्या जातीचे. हॉटेल हा शब्द मोठा; पत्र्याचे छप्पर, मातीची भट्टी, दोन बाकडी, बरणीत खारी आणि नानकटाई. एक वर्तमानपत्र येई आणि ते पानापानाने वेगळे होऊन चार जणांच्या हाती जाई, त्यामुळे पहिल्या पानावरच्या बातमीचा उरलेला भाग कोणाकडे आहे हे विचारावे लागे. भातलावणीची माणसे तेथे ठरत, बैल तेथे विकले जात, सोयरिकीचा पहिला शब्द तेथे निघे. भाऊबंदकीच्या कज्ज्यातले दोघे एकाच बाकड्याच्या दोन टोकांना बसून मधल्या माणसामार्फत बोलत. माझ्या दोन कादंबऱ्यांतली निम्मी माणसे त्या बाकड्यावरून उचललेली आहेत. त्यांना ते ठाऊक आहे. एकाने तर त्याबद्दल माझ्याकडून वर्षभर भजी वसूल केली.

एक उणे मात्र सांगितले पाहिजे. या 'सर्वांच्या घरात' बायका नव्हत्या. त्यांची बैठक पाणवठ्यावर. आणि नळ आला तसा पाणवठाही गेला, त्याच्या बदल्यात त्यांना काही मिळाले नाही. इंग्लंडही या बाबतीत फार पुढे नव्हते. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एका मद्यगृहात बायकांनी काउंटरशी उभे राहायचे नाही असा नियम होता, तो न्यायालयाने बेकायदा ठरवला तो १९८२ साली. आता आमच्या हॉटेलात कारखान्यात जाणाऱ्या मुली सकाळी घाईत चहा घेतात. उभ्याउभ्या घेतात. बाकड्यावर अजून बसत नाहीत.

मग एक्सप्रेसवे आला. मी तेव्हा विशीत होतो. डोंगर फुटताना पाहिले, शेतांतून आखलेल्या चुन्याच्या रेघा पाहिल्या. २००२ साली कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा सारा रस्ता खुला झाला आणि उर्से हे नाव लाखो लोकांच्या तोंडी गेले, ते टोलनाक्याचे नाव म्हणून. कित्येकांना उर्से हे गाव आहे हेच ठाऊक नाही. नाणेघाटात दगडी रांजण आहे, तो सातवाहनांच्या काळी जकातीचा, असे म्हणतात. तेव्हा वाटेवर पैसे द्यायची चाल नवी नव्हे. पण जकात देणारा तेथे टेकत असे, पाणी पीत असे. येथे माणूस काच खाली करी, पैसे देई आणि जाई. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, आता काचही खाली होत नाही. आणि आम्ही? या रस्त्यावर दुचाकीला बंदी, पायी चालायला बंदी. ज्याच्या शेतातून तो गेला त्याने कुंपणाशी उभे राहून तो पाहायचा. घाट संपला, चढ संपला, थांबणे संपले. आमचे हॉटेल रस्तारुंदीत दोनदा मागे सरकले. एक बाकडे कमी झाले.

हा रस्ता मावळासाठी एकदा थांबला. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले, त्याला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ लोक एक्सप्रेसवेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यांत एक बाई. त्याआधी कित्येक दिवस फाट्यावर दुसरा विषय नव्हता, आणि त्या दिवशी संध्याकाळी हॉटेल उघडे असून भट्टी पेटली नव्हती. लोक येऊन बसत होते आणि उठून जात होते. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा ते पहिल्यांदाच पाने वेगळी न करता एकाने मोठ्याने वाचले.

यादी मागितली आहे तर देतो, पण ती एक्सप्रेसवेची नव्हे. मुंबईकडून आलात तर रेल्वेने या आणि कर्जतला वड्याचे सुटे पैसे आधीच मुठीत ठेवा. लोणावळ्याला चिक्की घ्या, पण स्टेशनाच्या आसपास घ्या, आणि दुकानदाराला घाई नसेल तर बोलत उभे राहा. बेडशाला चढलात तर पाण्याची टाकी पाहिल्याशिवाय उतरू नका. वडगावला महादजी शिंद्यांचे स्मारक पाहून बाजारात चहा घ्या. तेथे तहाबद्दल कोणीतरी काहीतरी सांगेलच, निम्मे खरे असेल. तळेगावहून उर्से खिंडीतून इकडे उतरलात की फाट्यावर पत्र्याचे छप्पर दिसेल. बाकड्यावर जागा नसेल तर उभे राहू नये, "सरका" म्हणावे, लोक सरकतात. घरची मंडळी बरोबर असतील तर त्यांनाही बसवावे, कोणी काही म्हणत नाही. चहा मात्र अर्धा सांगावा. पुरा सांगितलात तर मालक तुम्हाला पाहुणा समजून पैसे घेणार नाही.