गुडघ्याची दुखापत : घरगुती पुनर्वसन (परभणी जिल्हा)

गुडघा मुरगळणे, लिगामेंट ताणणे वा तुटणे, मेनिस्कसची गादी फाटणे अशा इजांतून घरी राहून सावरण्याची प्रक्रिया. परभणी जिल्ह्यात ती शेतकाम, दुचाकी, कबड्डी व कुस्ती यांच्याशी निगडित आहे. काळ्या जमिनीत पाय पावसाळ्यात रुततो, उन्हाळ्यात भेगेत अडकतो; वरचे अंग वळते, पाऊल जागीच राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो.

प्राथमिक उपचार : विश्रांती, क्रेप बँडेज, पाय उंचावर. बर्फ थेट न लावता कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे. विश्रांती-बर्फ-दाब-उंची हे सूत्र १९७८ साली मांडणारे गेब मर्किन यांनी २०१४ मध्ये बर्फ व पूर्ण विश्रांतीबाबतचे आपले मत बदलले. आज अल्पकाळ, वेदनेपुरता बर्फ बहुतेकांना मान्य आहे. आंबेहळदीचा लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक सर्रास केला जातो. परिणामांविषयी एकमत नाही. ताज्या सुजेवर चोळणे मात्र टाळावे.

व्यायाम : पुनर्वसनाचा कणा हाच. इजेनंतर मांडीचे पुढचे स्नायू काही दिवसांतच ओसरू लागतात आणि पलंगावर पडून राहिल्याने अधिकच ओसरतात. सतरंजीवर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, मनात पाच मोजावे, सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. नंतर टाच सतरंजीवरून घसरवत गुडघा वाकवणे, मग पाय सरळ ठेवून उचलणे. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवण्याची सवय वाईट. आराम वाटतो, पण गुडघा पुरता सरळ होईनासा होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

घरातील अडचणी : खुरपणी, सोयाबीनची सोंगणी, चुलीपुढचा स्वयंपाक, देशी पद्धतीचा संडास, सगळे उकिडवे बसून, त्यासाठी गुडघा १२० अंशांहून जास्त वाकावा लागतो. कमोड खुर्ची आणि ओट्यावरचा स्वयंपाक यांनी निम्मा त्रास वाचतो. खर्च खुर्चीपुरताच, तरी ती घरात येते सर्वांत शेवटी. त्यातही घरच्या बाईला विश्रांती क्वचितच मिळते.

धोक्याच्या खुणा : चार पावलेही टाकता न येणे, गुडघा ९० अंश न वाकणे, अडकून बसणे, ताप, पोटरीची सूज. अशा वेळी घरी थांबू नये. परभणीत जिल्हा रुग्णालय आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले.

शस्त्रक्रिया : या नोंदीच्या कक्षेबाहेर.

कालावधी : हलका ताण साधारण १ ते ३ आठवडे. पुढचे क्रूसिएट लिगामेंट जोडल्यावर कबड्डीपटूने किमान ९ महिने मैदानात उतरू नये. त्याआधी परतणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण जास्त आढळते.