सर्व्हरची बाहेरची वाट : एचटीटीपी प्रॉक्सीची मांडणी

बँक, रुग्णालय किंवा कारखाना यांची संगणकप्रणाली अंतर्गत जाळ्यात चालत असली, तरी तिला बाहेरच्या सेवांची गरज पडतेच. पैसे जमा झाल्याची खातरजमा, एसएमएस पाठवणे, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मिळवणे अशा कामांसाठी सर्व्हरला इंटरनेटवर जावे लागते. हा संपर्क थेट न होता एका मध्यस्थामार्फत व्हावा, यासाठी एचटीटीपी प्रॉक्सीची योजना असते. कोणता सर्व्हर केव्हा कोणत्या पत्त्यावर गेला याची नोंद तेथे राहते आणि परवानगी नसलेले पत्ते अडवता येतात.

या खबरदारीचे मोल डिसेंबर २०२१ मध्ये ठळकपणे दिसले. जावा प्रणालींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘लॉग४जे’ या घटकातील त्रुटीमुळे सर्व्हर स्वतःच हल्लेखोराच्या यंत्राशी संपर्क साधून तेथील घातक कोड आणून चालवू शकत होता. ज्या सर्व्हरना बाहेर जाण्याची मोकळीक नव्हती, तेथे हल्ल्याची ही प्रमुख वाट अडली.

मांडणीत प्रथम प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट द्यावा लागतो. ‘स्क्विड’ या प्रचलित प्रॉक्सीचा ठरीव पोर्ट ३१२८ आहे. लिनक्सवरील अनेक साधने ही माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतात. जावा मात्र ती तेथून आपणहून वाचत नाही. प्रोग्रॅम सुरू करताना ती वेगळी पुरवावी लागते, तीही एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांसाठी स्वतंत्रपणे. संस्थेच्या अंतर्गत सेवांचे पत्ते अपवादांच्या यादीत घालावे लागतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हे पत्ते स्वल्पविरामाने, तर जावामध्ये उभ्या रेघेने वेगळे केले जातात. ‘४०७’ हा प्रतिसाद आला, तर प्रॉक्सी ओळख मागत आहे असे समजावे.

एचटीटीपीएसच्या बाबतीत ‘कनेक्ट’ या आदेशाने प्रॉक्सीतून बोगदा तयार होतो. प्रॉक्सीला ठिकाणाचे नाव दिसते, मजकूर दिसत नाही. काही संस्था मजकूरही तपासण्यासाठी स्वतःचे प्रमाणपत्र मध्ये घालतात. अशा वेळी संस्थेचे मूळ प्रमाणपत्र सॉफ्टवेअरच्या विश्वसनीय यादीत नोंदवावे लागते. जावाची ही यादी बहुधा स्वतंत्र असते. ती नोंद टाळून प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करणे धोक्याचे ठरते, कारण मग कोणताही तोतया खरा मानला जातो.

प्रॉक्सी नेमली म्हणजे पहारा बसला, असे मात्र नव्हे. ही मांडणी न मानणारा प्रोग्रॅम सरळ बाहेर जाऊ शकतो. म्हणून फायरवॉलमध्ये सर्व्हरचा थेट मार्ग बंद असणे आवश्यक ठरते. याची परीक्षा सोपी आहे : चाचणीच्या सर्व्हरवर प्रॉक्सीची मांडणी काढून बाहेर संपर्क साधून पाहावा. तो यशस्वी झाला, तर मागचे दार उघडेच आहे.