कांदळवन प्रतिष्ठान

कांदळवन प्रतिष्ठान ही महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील कांदळवने व सागरी जैवविविधता यांच्या संवर्धनासाठी राज्य शासनाने इ.स. २०१५ मध्ये स्थापन केलेली स्वायत्त संस्था आहे. ती राज्य वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी संलग्न असून संवर्धन, संशोधन, जनजागृती आणि किनाऱ्यावरील लोकांची उपजीविका यांसाठी निधी पुरविते.

पार्श्वभूमी

कांदळवनांना कोकणात खारफुटी किंवा तिवरांचे जंगल असेही म्हणतात. ही वने लाटांचा व भरतीचा जोर कमी करतात, किनाऱ्याची धूप रोखतात आणि मासे, कोळंबी व खेकडे यांना प्रजननासाठी आसरा देतात. भराव, अतिक्रमण व तोड यांमुळे मुंबई परिसरातील कांदळवनांचा ऱ्हास होऊ लागल्यावर हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने इ.स. २००५ मध्ये तोडीस मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. इ.स. २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ अन्वये मिळालेल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरविण्यात आला. दरम्यान इ.स. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला होता.

निधीची रचना

किनारी भागातील पायाभूत प्रकल्पांसाठी कांदळवनांची जमीन वापरली गेल्यास प्रकल्प यंत्रणांकडून भरपाईपोटी रक्कम घेतली जाते. अशा रकमा प्रतिष्ठानच्या निधीचा महत्त्वाचा स्रोत आहेत. याशिवाय आंतरराष्ट्रीय साहाय्यातूनही किनारी भागात कामे होतात. संयुक्त राष्ट्रसंघ विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने राबविल्या जाणाऱ्या किनारी समुदायांच्या हवामान-अनुकूलन प्रकल्पास हरित हवामान निधीने ४.३४ कोटी अमेरिकी डॉलरचे अनुदान मंजूर केले असून, आंध्र प्रदेश, महाराष्ट्र व ओडिशा या तीन राज्यांत तो राबविला जातो.

उपजीविका योजना

इ.स. २०१७ मध्ये शासनाने ‘कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना’ सुरू केली. तीनुसार गावपातळीवर सहव्यवस्थापन समित्या स्थापन केल्या जातात. खेकडापालन, जिताडापालन, कालवेपालन, शोभिवंत मासे आणि निसर्ग पर्यटन अशा व्यवसायांना अनुदान मिळते. गटांसाठी खर्चाच्या ९० टक्के, तर वैयक्तिक लाभार्थ्यांसाठी ७५ टक्के रक्कम शासन देते; उर्वरित वाटा लाभार्थ्यांनी उचलायचा असतो. जंगल टिकले तरच उत्पन्न टिकेल, हे योजनेमागील तत्त्व आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे मांडवी खाडीत महिला बचत गटाने चालविलेली कांदळवन सफर हे अशा पर्यटनाचे परिचित उदाहरण आहे.

सार्वजनिक स्थळे

नवी मुंबईतील ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून तेथून ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहण्यासाठी नौकाविहाराची सोय आहे. सुमारे १,६९० हेक्टरांचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य इ.स. २०१५ मध्ये घोषित झाले व इ.स. २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बोरिवलीजवळील गोराई येथे कांदळवन उद्यानाचा प्रकल्पही हाती घेण्यात आला.

परिणाम व मर्यादा

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र इ.स. २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, इ.स. २०२१ च्या अहवालात ते ३२४ चौरस किलोमीटर नोंदविले आहे.

तथापि या निधीरचनेत एक अंतर्विरोध आहे. संवर्धनासाठी येणाऱ्या पैशाचा काही भाग कांदळवनांची हानी करणाऱ्या प्रकल्पांमुळेच उपलब्ध होतो. मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी इ.स. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे २०,००० कांदळवृक्ष तोडण्यास परवानगी दिली. भरपाई म्हणून अन्यत्र रोपे लावता येतात; मात्र तोड झालेल्या खाडीवर मासेमारी करणाऱ्या गावाला दूरच्या लागवडीचा लाभ मिळेलच असे नाही. त्यामुळे भरपाईचा निधी बाधित परिसरातच खर्च व्हावा का, हा किनारी विकासाच्या अर्थव्यवस्थेतील महत्त्वाचा प्रश्न ठरतो.