चौथी बाजू

शेफील्डच्या जुन्या बाजारात मी ब्रेस विकत घेतला तो निव्वळ पितळेला भुलून. ऑनसाइटला येऊन चार महिने झाले होते, रविवारी करायला काही नव्हतं. ब्रेस म्हणजे हाताने फिरवायचं ड्रिल. वरच्या गोल मुठीवर छातीचा भार द्यायचा, मधला वाक धरून गरगर फिरवायचं, खाली बिट लाकडात उतरत जातं. माझा बीचच्या लाकडाचा, वर पितळी पट्ट्या. एकोणिसाव्या शतकात याच गावात असे ढिगाने बनत. हौशी गिऱ्हाइकासाठी विल्यम मार्पल्सचा ‘अल्टिमेटम’ होता, पितळी सांगाड्यात आबनूस भरलेला. तो आपल्या खिशाबाहेरचा.

शेजारच्या टेबलावरून सहा जुनी बिटं उचलली. सगळ्यांचे दांडे चौकोनी, टोकाकडे निमुळते. ब्रेसचं भोकही तसंच. न बसायला काय झालं? पण ब्रेस उचलला की बिट टपकन खाली. सहाही.

भोकाच्या आत एक स्प्रिंगचा खटका असतो आणि बिटाच्या दांड्यावर एक खाच. दांडा घट्ट बसला की खटका बरोबर त्या खाचेत पडला पाहिजे. गोम अशी, की प्रत्येक ब्रेसमध्ये खटक्याची जागा केसभर वेगळी. म्हणून बिटाची खाच कानशीने त्या-त्या ब्रेसच्या मापाने पाडायची. जोडी फुटली की दोन्ही बेकार. जुन्या फोनच्या चार्जरांचा खोका आठवा, तसंच.

हे दुखणं अमेरिकेत सुटलं. 1859 मध्ये स्पॉफर्डने दुभंगलेलं भोक स्क्रूने आवळायची युक्ती पेटंट केली. 1864 मध्ये विल्यम बार्बरने बाहेरचं कवच फिरवलं की दोन जबडे दांड्यावर मिटतील असा चक काढला. मिलर्स फॉल्स कंपनीने तो घरोघरी पोचवला. खाच नको, कानस नको, कुठलंही चौकोनी दांड्याचं बिट चालतं. (चौकोनीच, बरं का. आजचं गोल दांड्याचं बिट त्या दोन जबड्यांत फिरतच राहतं.) पुढे शेफील्डवाल्यांनीही तोच चक उचलला. इंजिनिअर म्हणून मी बार्बरच्या बाजूचा. इंटरफेस एक असावा, एवढंच तर आम्ही दिवसभर भांडत असतो.

तरी त्या सहांतलं एक बिट मी पुन्हापुन्हा हातात घेत होतो. त्याच्या दांड्याच्या तीन बाजूंवर तीन खाचा होत्या, तिन्ही वेगळ्या उंचीवर. एक झिजून गुळगुळीत, एक घाईत पाडलेली, वेडीवाकडी. म्हणजे हे बिट किमान तीन ब्रेसमध्ये राबलं होतं, बहुधा तीन सुतारांकडे. त्यांची नावं कुठेच नाहीत. बार्बरच्या चकमध्ये आयुष्य काढलेल्या बिटावर असलं काही उमटत नाही.

जुनी हत्यारं जमवणारे लोक असल्या दांड्याला कानस लावणाऱ्याला शिव्या घालतात. मला ते पटत होतं आणि नव्हतंही. आधी एका साध्या बिटावर हात चालवून पाहिला. दांड्याला मेणबत्तीची काजळी धरली, आत घातला, खटक्याने खरवडलं तिथे कानस चालवली. खटका ‘टक्’ वाजला, बिट मात्र डुगडुगत राहिलं. दांडा पुरता आत न ठोकताच मी खूण केली होती, त्यामुळे खाच टोकाकडे सरकली. कापलेलं लोखंड परत येत नाही, अनडू नाही.

पंधरा दिवस तीन खाचांचं बिट टेबलावर पडून होतं. चौथी बाजू कोरी. मग एका रात्री काजळी धरली, दांडा लाकडी हातोडीने नीट आत बसवला आणि मगच खूण पाहिली. कानशीचे दहा-बारा हात, थांबून बघणं, पुन्हा दोन हात. माझी खाचही काही सरळ आली नाही.

टक्. ब्रेस उचलून हलवला. बिट पडलं नाही.